आधी कामगिरी लाव, मग गाडी काढ

ओतूर, ता. जुन्नर
पौष महिना

चि. बाळास,


परवा तुझ्या आईचा फोन आला. गळ्याजवळचं हाड जुळत आलंय, पट्टा लवकरच काढतील, हे ऐकून मामीने लगेच देवापुढे साखर ठेवली. मग आईने आवाज खाली आणून सांगितलं, "तूच सांग त्याला मोटारसायकल विकायला, माझं ऐकत नाही." त्यानंतर थोड्या वेळाने तुझा फोन: "मामा, आईला समजाव. रस्त्यावर कच सांडलेली होती म्हणून पडलो, माझी चूक नव्हती." दोघांनी मिळून मला मधे धरलंत. फोनवर धड कुणाचंच पुरतं बोलणं होत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. सावकाश वाच. एका बैठकीत नाही संपलं तरी चालेल, हात गळ्यात असेपर्यंत तुला वेळच वेळ आहे.

इकडची खबरबात आधी सांगतो. रांगडा कांदा काढणीला आलाय, भाव काय मिळेल ते देव जाणे. ऊसतोड चालू असल्यामुळे बिबट्यांना लपायला रान उरलेलं नाही. दिवस मावळला की कुणी एकटं शेतात जात नाही, गोठ्याला दुहेरी कडी लावतात. आणि त्याच घरातली पोरं रात्री दहाला एका गाडीवर तिघं बसून, उघड्या डोक्याने, आळेफाट्याला चहाला जातात. बिबट्याची धास्ती सगळ्या तालुक्याला आहे, रस्त्याची कुणालाच नाही. मामी म्हणते, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत रस्ताच दिसतो. दिसणारच. सगळी नोकरी त्याच्यावर गेली.

तर गाडीचं. तू गाडी घेतलीस ती मिरवायला घेतली नाहीस, हे मला ठाऊक आहे. परवडणारं घर बदलापुरात, नोकरी महापेला. लोकलने जायचं तर सकाळी बदलापूरच्या फलाटावर आधी चढण्याची मारामारी, मग ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने घणसोली, तिथून रिक्षा. गाडीने गेलास की नेवाळी, खोणी, काटई, शिळफाटा आणि थेट कंपनीच्या दारात. शिवाय लोकलच्या दारात लोंबकळणंही काही सुखाचं नाही, तिथूनही माणसं पडतात. म्हणून आईसारखं एका वाक्यात "विकून टाक" मी म्हणणार नाही. पण "माझी चूक नव्हती" एवढ्यावर तू थांबलास, त्याची मला काळजी वाटली. ते वाक्य खरं असेलही. त्याच्यापुढे विचार न करता गाडीवर परत बसलास, तर ती कच पुन्हा कुठेतरी सांडलेली असणारच आहे.

मी आयुष्यभर तुझ्या उलट्या बाजूने रस्ता पाहिला. विठ्ठलवाडी डेपोतून एसटी काढायची, शहाडचा पूल, म्हारळ, वरप, मुरबाड आणि पुढे माळशेज उतरायचा-चढायचा. केबिनमधून मोटारसायकल कशी दिसते ते तुम्हा पोरांना माहीत नसतं. बहुतेक वेळा दिसतच नाही. डाव्या दाराच्या खाली, पुढच्या चाकाजवळ, एक अख्खी मोटारसायकल माणसासकट मावेल एवढी जागा आरशात येत नाही. अगदी मागे चिकटून आलास तरी तू नाहीसच. आणि लांब गाडी डावीकडे वळताना आधी जरा उजवीकडे दबते, तेव्हा डाव्या बाजूला मोकळी वाट दिसते. पोरगा घुसतो. तेवढ्यात मागचं चाक आतून कापत येतं, कारण मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, फेर लहान घेतात. आनंदनगर एमआयडीसीच्या वळणांवर कंटेनर वळताना बघ, दोन मिनिटं थांबून बघ. एकदा नीट पाहिलंस की त्या मोकळ्या वाटेत पुन्हा चाक घालणार नाहीस.

रात्री आणखी एक होतं. समोरून एकच दिवा येत असला की तो किती लांब आहे आणि किती वेगात आहे, याचा अंदाज लागत नाही. दोन दिवे असले की त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसतं. एक दिवा नुसता दिवा राहतो. त्यामुळे ट्रकवाला "अजून वेळ आहे" म्हणत वळतो. तो तुझा वैरी नसतो, त्याने पाहिलेलं असतं, पण डोक्यात नोंद झालेली नसते.

आमची धाकटी लेक मोबाईलवर काहीबाही शोधून मला वाचून दाखवते. तिने अमेरिकेतल्या एका जुन्या अहवालाचं सांगितलं. हॅरी हर्ट नावाच्या माणसाने लॉस एंजेलिस भागातले ९०० वर मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये ते छापलं. साधारण तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांत वाट मोटारसायकलवाल्याची असताना दुसऱ्याने आडवी गाडी घातलेली. म्हणजे कायद्याने बघितलं तर मोटारसायकलवाले बहुतेक वेळा बरोबरच होते. बरोबर असून आडवे झाले. त्याच अहवालात हेही होतं की बहुतेकांनी गाडी कुणाकडून रीतसर शिकलेली नव्हती, मित्रांकडून नाहीतर आपली आपणच शिकलेली. तुझंही तेच. अंबरनाथला असताना मित्राची गाडी घेऊन शिवमंदिराच्या बाजूच्या रस्त्यावर तू फिरवायचास, ते काय मला माहीत नव्हतं? महाशिवरात्रीच्या जत्रेत माझ्या खांद्यावर बसून ते देऊळ पाहिलेलं पोर, दहा-बारा वर्षांत तिथेच गाडी उडवायला लागलं.

आता तुझ्या त्या रात्रीकडे ये. रागावू नको, चूक कुणाची ते मी विचारत नाहीये. डेपोत अपघात झाला की कागदावर सगळं मांडायला लागायचं: गाडी, रस्ता, उजेड, वेळ, चालक. तसं तूही मांड. डंपरमधून कच सांडली होती, ठीक. पण दुसऱ्या पाळीनंतर वाढीव काम करून तू निघालास. हेल्मेटची काच ओरखडे पडून पडून धुरकट झालेली, समोरच्याचा अपर लागला की नुसता पांढरा पडदा. मागचा टायर गुळगुळीत, हे तूच मला दिवाळीत सांगितलं होतंस, "पुढच्या पगारात बदलतो" म्हणून. आणि वेग साठच्या वर, कारण रस्ता मोकळा होता. एवढ्या पाच गोष्टी एका वळणावर जमल्या. कच तुझ्या हातात नव्हती, बाकीच्या चार होत्या. त्यातल्या दोन जरी कमी असत्या तरी गाडी डुलली असती, तू शिव्या घातल्या असत्यास आणि घरी जाऊन जेवला असतास.

वेगाचा हिशेब एकदा करून ठेव. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काहीतरी दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तो तर ताज्या माणसाचा. मग ब्रेक लागतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावरही गाडी उभी राहीपर्यंत चाळीसेक मीटर जातात, म्हणजे आमच्या तीन-साडेतीन एसट्या एकामागे एक. तेच ४० ने चाललास तर साधारण २० मीटरमध्ये थांबतोस. वेग दीडपट, आणि लागणारी जागा दुप्पट. आणि झोप आलेली असताना दोन सेकंद डोळा लागला, तर साठच्या वेगाला ३३ मीटर गाडी आपली आपण गेली. नेवाळीच्या वळणाला तेवढे मीटर आहेत का, तूच सांग.

तुझ्या गाडीला एबीएस आहे, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच झालं. चांगली गोष्ट आहे, सरळ रस्त्यावर चाक लॉक होऊ देत नाही. पण गाडी वळणात कललेली असताना खाली कच आली तर ते काही जादू करत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. कचेवर, ओल्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर, पेव्हर ब्लॉकवर ब्रेकही नको आणि एकदम रेसही नको. काँक्रीटच्या रस्त्याची कड जिथे खाली तुटलेली असते, तिथून तिरपं वर चढायला जाऊ नको, चाक कडेला घासून घसरतं. आणि बघायचं जिकडे जायचंय तिकडे. खड्ड्याकडे टक लावलीस की गाडी खड्ड्यातच जाते.

पण हे सगळं चालवण्याचं झालं. मला सांगायचंय ते गाडी काढायच्या आधीचं आहे. आमच्याकडे कामगिरी, म्हणजे कुणी कुठली फेरी करायची ते, लावणारा कंट्रोलर वेगळा असायचा आणि करणारा वेगळा. चालकाला कितीही वाटलं, "मी दमलो नाही, जातो की", तरी विश्रांती झालेली नसेल तर दुसरी कामगिरी मिळायची नाही. ब्रेकची तक्रार लॉगशीटवर असली तर मेकॅनिकची सही होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर नाही. तोंडाला वास आला तर घरी. तेव्हा राग यायचा. दिवाळीला घरी जायची घाई, आणि कंट्रोलर म्हणतोय थांब. पण नोकरीच्या शेवटी विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर लागला, त्यात माझ्या हाताइतकाच त्या "थांब" म्हणणाऱ्याचा वाटा होता.

तुला असा कुणी नाही, बाळा. तूच चालक, तूच मेकॅनिक आणि तूच कंट्रोलर. रात्री एक वाजता, डोळे जड झालेले, घर पाऊण-एक तासावर, अशा वेळी "जाऊ का?" हे स्वतःला विचारशील तर उत्तर एकच येणार: जातो की. दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय ते कळत नाही. म्हणून ते तेव्हा ठरवायचंच नाही. रविवारी सकाळी, अंघोळ झालेली, पोटात पोहे, अशा वेळी बसून आठवड्याची कामगिरी लावायची. कुठली फेरी गाडीने, कुठली लोकलने, कुठली रद्द. ती कागदावर लिहून फ्रिजला चिकटव, आणि त्यावर सही करायचा हक्क आईला दे. मग आठवडाभर तू फक्त चालक. कागदावर नाही ती फेरी करायची नाही.

गाडी ठेवू की विकू, हा प्रश्न तुम्ही दोघं असा घेऊन बसलात की जणू मधे काहीच नाही. मला तर वाटतं एकेक फेरी वेगळी धरून बघावी. घरापासून स्टेशनपर्यंत, दिवसाउजेडी, सावकाश: खुशाल जा. सकाळी महापेला, झोप पुरती झालेली, पाऊस नाही: जाऊ शकतोस, पण शिळफाट्याच्या अवजड गाड्यांमध्ये फटी शोधायच्या नाहीत. दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्री काटई रस्त्याने: ही फेरी काढून टाक. कंपनीची गाडी मिळते का विचार, लाजू नको. नाही तर त्याच बाजूचे दोघं-तिघं मिळून गाडी करा. तेही नाही जमलं तर मित्राच्या खोलीवर पड आणि सकाळी ये. पावसाळ्यात बारवी धरणाकडे, कोंडेश्वरला, नाही तर माळशेजला टोळीने जायचं: तिथे तर माझा स्पष्ट नकार. माळशेजचं धुकं मी केबिनमधून पाहिलंय, वायपर आणि दोन पिवळे दिवे असूनही पुढचं दिसायचं नाही. आणि टोळीत पुढच्याला गाठायच्या नादात मागचा आपल्या वेगाने चालवतच नाही.

एवढं करूनही सगळं हातात येतं असं नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या अंबरनाथच्या उड्डाणपुलावर काय झालं ते तुला माहीत आहे. संध्याकाळची वेळ, चारचाकीच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आल्याचं बातम्यांत होतं, आणि ती गाडी समोरच्या दुचाकींवर गेली. त्या चालकासकट चौघं गेले. त्या दुचाकीवाल्यांनी काय करायला हवं होतं? काहीच नाही. पूर्व-पश्चिम जाण्यासाठी सगळं गाव वापरतं तो पूल. अशा वेळी ज्याच्या भोवती पत्रा आहे तो वाचण्याची शक्यता जास्त, ज्याच्या भोवती नुसता शर्ट आहे त्याची कमी. दोन चाकांवर बसलास की एवढा धोका सोबत येतोच. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यात दर १०० मागे ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. तू कितीही शहाण्यासारखं चालवलंस तरी हा आकडा शून्यावर येत नाही. मग कशासाठी तो धोका घ्यायचा आणि कशासाठी नाही, एवढंच आपल्याला ठरवता येतं. पोटासाठी घ्यावा लागला तर गोष्ट वेगळी. अर्धा तास आधी घरी पोहोचण्यासाठी घेऊ नये.

हेल्मेटचं तुला सांगायला नको, तू घालतोस, म्हणूनच तर गळ्याच्या हाडावर निभावलं. पण ते हेल्मेट आता टाकून दे. बाहेरून चांगलं दिसलं तरी आपटल्यावर आतला थर्माकोल दबलेला असतो, तो दुसऱ्यांदा मार खात नाही. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ बघून नवं घे, रस्त्याच्या कडेला बांबूवर टांगलेलं नको. हनुवटीखालचा पट्टा लाव, नाहीतर पडताना हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडलाय, त्यात हेल्मेटने डोक्याची इजा ६९ टक्क्यांनी आणि मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

आणि दोन हेल्मेट घे. आईला मागे बसवून बाजारात नेतोस, तिचं डोकं उघडं. "इथल्या इथे तर जायचंय" असं ती म्हणेल, ऐकू नको. मुंबईच्या मरोळचे दादाराव बिल्होरे तुला टीव्हीवर दिसले असतील, खड्डे बुजवत हिंडतात ते भाजीवाले. २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल गेली आणि त्यांचा १६ वर्षांचा प्रकाश गेला. तो मागे बसला होता. गाडी चालवणाऱ्या चुलतभावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले जे ५०,०२९ जण देशात गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ठरवून दिलं की खड्ड्यामुळे माणूस गेला तर वारसांना ६ लाख रुपये द्यायचे. ते योग्यच झालं. पण त्या पैशाची वारस म्हणून सही करायची वेळ तुझ्या आईवर यायला नको, आणि तुझ्यावरही नको.

हात बरा झाला की लगेच गाडी काढू नको. डॉक्टरांनी "वजन उचल" म्हटल्याशिवाय नाही, कारण घट्ट क्लच दाबताना आणि हँडल सावरताना तो खांदा लागतो. पहिल्यांदा बसशील तेव्हा सकाळी, बदलापूरच्या आतल्या रस्त्याने, एकटा. त्या वळणाशी जाऊन "मी घाबरलो नाही" असं कुणाला दाखवायला जाऊ नको. भीती वाटली तर वाटू दे. आमच्यात ज्याचा मोठा अपघात झाला त्याला काही दिवस साधी कामगिरी द्यायचे, कुणी हसायचं नाही. आणि महिना-दोन महिने झाले तरी हँडल धरल्यावर घाम फुटत असेल, प्रत्येक डंपर अंगावर येतोय असं वाटत असेल, तर गाडी विकून टाक. घाबरलेल्या हाताने चालवणं हाही एक धोकाच आहे. तुला कुणी भित्रा म्हणणार नाही. म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

आईवर चिडू नको. ती तुला "विक" म्हणते तेव्हा तिला गाडीबद्दल बोलायचंच नसतं. तू रात्री दीडला येईपर्यंत ती जागी असते, हे तुला ठाऊक आहे का? लिफ्टचा आवाज ऐकून मग ती दिवा घालवते. तिला फ्रिजवरचा तो कागद दाखव. कुठल्या रात्री तू गाडीवर नाहीस हे तिला आधीच कळलं तर त्या रात्री तरी ती झोपेल. अर्ध्याहून अधिक भांडण त्यानेच मिटेल असं मला वाटतं.

संक्रांतीला मामीने तीळगूळ केलाय, कुणी येणारा मिळाला की त्याच्याबरोबर पाठवतो, शेंगदाण्याची पोळीही आहे. कांदेही एक गोणी पाठवेन, शेजाऱ्यांना वाट. हात बरा झाल्यावर दोन दिवस इकडे ये. एसटीनेच ये, कल्याणहून थेट गाडी आहे, खिडकीजवळ बस आणि चालकाच्या आरशात डोकावून बघ, त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते.

टायर मात्र येत्या पगाराची वाट न बघता बदल, पैसे मी आईकडे पाठवलेत. आणि येत्या रविवारी पहिला कागद लिहिलास की त्याचा फोटो मला पाठव. मध्यरात्रीची काटईची फेरी त्यात दिसली तर आईला मी सही करू देणार नाही.

तुझाच,
मामा